मूठभर धान्य आणि कर्मवीरांची शाळा

आंबेडकरी वस्त्यांतील सुशिक्षित तरुण आज एका चांगल्या कामाकडे वळत आहेत. सिग्नलवर फुले विकणारी, फलाटावर झोपणारी, उड्डाणपुलाखाली वाढणारी, भंगार वेचणारी मुले पाहून त्यांच्या मनात कालवाकालव होते. संध्याकाळी बुद्धविहारात किंवा समाजमंदिरात वर्ग सुरू करायचा असे ठरते. पहिल्या बैठकीला उत्साह असतो. दुसऱ्या बैठकीत पैशाचा विषय निघतो आणि तिथेच गाडी अडते. एकजण म्हणतो, कंपनीकडे अर्ज करू. दुसरा म्हणतो, परदेशातल्या आपल्या बांधवांना सांगू. तिसऱ्याला नगरसेवक जवळचा वाटतो. चौथा म्हणतो, सरकारची जबाबदारी आहे, आपण का पैसे काढायचे? पाचवा गप्प बसून खिशातली शंभराची नोट पुढे करतो आणि इतर त्याच्याकडे पाहून हसतात. तिसऱ्या बैठकीला निम्मेच लोक येतात.

पैसा कुठून आणायचा, हा प्रश्न हिशेबनिसाचा आहे असे आपण समजतो. तो तसा नाही. शाळेचा मालक कोण, हे ठरवणारा तो प्रश्न आहे. ज्याच्या पैशावर रोजची चूल पेटते, त्याचा शब्द शेवटचा ठरतो. कोणते मूल घ्यायचे, काय शिकवायचे, भिंतीवर कुणाचा फोटो लावायचा, हे मग तोच सांगतो. ही गोष्ट महाराष्ट्रात ज्या माणसाने पुरती ओळखली आणि आयुष्यभर पाळली, त्याचे नाव कर्मवीर भाऊराव पाटील. मॅट्रिकही न झालेल्या या माणसाने रस्त्यावरच्या, बांधावरच्या, गावकुसाबाहेरच्या पोरांसाठी शिक्षणाचा एवढा मोठा वटवृक्ष कसा उभा केला, हे आजच्या कार्यकर्त्याने हिशेबाच्या नजरेने एकदा वाचले पाहिजे.

भाऊरावांचा जन्म २२ सप्टेंबर १८८७ रोजी कोल्हापूर जिल्ह्यातील कुंभोज येथे झाला. घराणे जैन, पाटीलकीचे. वडील पायगोंडा पाटील महसूल खात्यात कारकून होते. घरात अन्नाची ददात नव्हती. म्हणजे या मुलाने अस्पृश्यांच्या दुःखात पडावे असे कोणतेही कारण जन्माने दिलेले नव्हते. पण नजर शाबूत होती. विहिरीवर पाण्यासाठी ताटकळणारी अस्पृश्य माणसे त्याने लहानपणीच पाहिली. वरच्या जातीच्या कुणाला दया आली तरच त्यांच्या भांड्यात पाणी पडे. संतापलेल्या भाऊरावांनी त्या विहिरीचा रहाटच मोडून टाकला, ही हकीकत त्यांच्या प्रत्येक चरित्रात येते. पुढे आयुष्यभर त्यांनी जे केले त्याचे बीज या घटनेत दिसते. ज्या विहिरीवर सर्वांना पाणी नाही, ती कुणाचीच नाही, असा तो सरळ हिशेब होता.

शिक्षणासाठी ते कोल्हापूरला गेले आणि जैन बोर्डिंगात राहू लागले. तो राजर्षी शाहू महाराजांचा काळ. महाराजांनी जातीजातींची वसतिगृहे काढून दिली होती आणि अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क वसतिगृहाला हात दिला होता. १९०८ साली त्या वसतिगृहाच्या कार्यक्रमाला भाऊराव गेले. परत आल्यावर जेवणाआधी अंघोळ करून शुद्ध व्हा, असा बोर्डिंगचा हुकूम सुटला. भाऊरावांनी तो मानला नाही. माणसाला भेटून विटाळ होत नाही, यावर ते अडून बसले आणि बोर्डिंगातून बाहेर पडले. राजर्षींच्या सहवासात त्यांना जी दृष्टी मिळाली ती कोणत्याही पदवीपेक्षा मोठी ठरली. इंग्रजी सहावीतच त्यांचे शिक्षण थांबले आणि या नापास विद्यार्थ्याने पुढे लाखो विद्यार्थी पास होतील अशी व्यवस्था निर्माण केली.

आंबेडकरी वाचकाने विशेष लक्षात ठेवावी अशी एक हकीकत याच काळातली आहे. इस्लामपूरच्या शाळेत वर्गाबाहेर बसून शिकणारा एक अस्पृश्य मुलगा भाऊरावांना दिसला. ऐकू येईल तेवढे ऐकायचे आणि दिसेल तेवढे पाहायचे, एवढाच त्याचा शाळेवरचा हक्क. भाऊरावांनी त्याच्यासाठी सभा घेतली नाही, निवेदन दिले नाही. त्या मुलाला सोबत घेऊन ते कोल्हापूरला गेले आणि मिस क्लार्क वसतिगृहात त्याची सोय लावली. तो मुलगा म्हणजे ज्ञानदेव ध्रुवनाथ घोलप. हेच घोलप पुढे मुंबई कायदेमंडळाचे सभासद झाले आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२० साली सुरू केलेल्या मूकनायक पत्राचे काही काळ संपादकही झाले. वर्गाबाहेर बसवलेले एक पोर आत घेतले तर काय होऊ शकते, याचे याहून मोठे उदाहरण शोधण्याची गरज नाही. आज सिग्नलवर काच पुसणाऱ्या पोरांत असा किती घोलप आहेत, याची मोजदाद कुणी केली आहे काय?

पोटासाठी भाऊरावांनी अनेक उद्योग केले. साताऱ्यात शिकवण्या घेतल्या, तिथे लोक त्यांना पाटील मास्तर म्हणत. १९१४ साली कोल्हापुरात गाजलेल्या डांबर प्रकरणात अण्णासाहेब लठ्ठे यांच्याविरुद्ध खोटी साक्ष द्यावी म्हणून त्यांच्यावर दडपण आले. लठ्ठे हे त्याच जैन बोर्डिंगचे व्यवस्थापक होते, जिथून भाऊरावांना बाहेर पडावे लागले होते. जुना राग काढण्याची आयती संधी होती. पण त्यांनी तुरुंगवास आणि छळ पत्करला, खोटी साक्ष दिली नाही. नंतर किर्लोस्करांचे लोखंडी नांगर विकण्यासाठी ते गावोगाव हिंडले. या फिरतीत त्यांना महाराष्ट्राचे खेडे आतून कळले. शेतकऱ्याच्या घरी नांगर पोहोचला तरी अक्षर पोहोचलेले नाही आणि अक्षराशिवाय सावकाराचा कागद वाचता येत नाही, हे महात्मा जोतीराव फुल्यांनी सांगितलेले सत्य त्यांनी डोळ्यांनी पाहिले. ते सत्यशोधक झाले ते असे.

१९१९ साली कराड तालुक्यातील काले येथे सत्यशोधक समाजाच्या परिषदेत बहुजनांच्या शिक्षणासाठी संस्था काढण्याचे ठरले आणि ४ ऑक्टोबर १९१९ रोजी रयत शिक्षण संस्था स्थापन झाली. संस्थेचे नावच पाहा. देणगीदाराचे नाही, संस्थापकाचे नाही, जातीचे नाही, देवाचेही नाही. रयतेचे! पुढे संस्थेने वडाचे झाड आपले चिन्ह म्हणून घेतले. वडाच्या पारंब्या जमिनीत उतरतात आणि त्याच नव्या खोडांचा आधार होतात. भाऊरावांनी पैशाची घडीही तशीच बसवली.

१९२४ साली संस्था साताऱ्याला आली आणि तिथे वसतिगृह सुरू झाले. सातारा या गावाशी आपले नाते काय आहे, हे वेगळे सांगायला नको. ७ नोव्हेंबर १९०० रोजी याच गावातल्या सरकारी हायस्कुलात बाल भीमरावांचे नाव दाखल झाले होते. वर्गात ते वेगळे बसले, पाण्याला हात लावण्याचीही त्यांना मुभा नव्हती. त्याच गावात चोवीस वर्षांनी महार, मांग, चांभार, मराठा, मुसलमान, जैन, रामोशी मुले एका पंक्तीला बसून एकच भाकरी खाऊ लागली. योगायोग असा की १९२४ सालीच बाबासाहेबांनी बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन केली आणि १९२५ साली सभेने सोलापूरला वसतिगृह उघडले. दोघांच्याही कामाची सुरुवात वसतिगृहाने झाली, हे महत्त्वाचे आहे. ज्या मुलाला रात्री झोपायला जागा नाही आणि सकाळी खायला काही नाही, त्याला फक्त पाटी देऊन भागत नाही, हे दोघांनीही ओळखले होते. रस्त्यावरच्या मुलांसाठी दोन तासांचा वर्ग काढून समाधान मानणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे.

आता मुख्य मुद्दा. एवढ्या पोरांना खाऊ काय घालायचे? भाऊरावांजवळ जहागीर नव्हती. त्यांनी साताऱ्यात आणि आसपासच्या गावांत बायाबापड्यांना सांगितले की रोज दळायला बसताना एक मूठ धान्य बाजूच्या मडक्यात टाकायचे. तेवढ्याने कुणाच्या घरची भाकर कमी होत नाही. आठवड्याने वसतिगृहाची मुले येत आणि मडके रिकामे करून नेत. यालाच लोक मुष्टिफंड म्हणू लागले. एका घराची मूठ म्हणजे काहीच नाही. शंभर घरांची मूठ म्हणजे वसतिगृहाची चूल. या योजनेचे मर्म धान्यापुरते नाही. जी बाई रोज सकाळी एका अनोळखी पोरासाठी मूठ काढते, तिला ती शाळा आपली वाटू लागते. त्या पोराची जात तिला मडक्यात दिसत नाही. आठवड्याला दारात येणारा मुलगा वाचायला शिकला की नाही, हे ती विचारते. देणगीदार वर्षाला अहवाल मागतो, ही माउली आठवड्याला हिशेब घेते. यापेक्षा कडक लेखापरीक्षण कोणते?

पण मुठीचा फंड उभा राहण्याआधी आणि तो आटला तेव्हाही एक घर जळत होते, ते भाऊरावांचे स्वतःचे. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई सधन घरातल्या. सोवळ्याओवळ्याच्या संस्कारात वाढलेल्या या स्त्रीने सर्व जातींची पोरे आपल्या स्वयंपाकघरात घेतली, त्यांची आजारपणे काढली, त्यांच्यासाठी अंगावरचे दागिने एकेक करून विकले. एकदा भाऊराव बाहेरगावी असताना वसतिगृहातले धान्य संपले, तेव्हा या माउलीने गळ्यातले मंगळसूत्र काढून दिले आणि पोरांना जेवू घातले. १९३० साली त्या गेल्या. आपण सभांत हा प्रसंग सांगतो, टाळ्या घेतो. पण टाळ्या वाजवून विसरण्याजोगा तो नाही. एका बाईच्या त्यागावर शाळा चालावी लागते, याचा अर्थ समाज कमी पडला असा होतो. भाऊरावांनी हा धडा घेतला. लक्ष्मीबाईंच्या नावाने पतपेढी उभी राहिली. गरजू विद्यार्थ्याला तिथून कर्ज मिळावे आणि शिकून कमावता झाल्यावर त्याने ते फेडावे, म्हणजे त्याच पैशात दुसरा शिकेल, अशी ती सोय. पारंबी जमिनीत उतरली ती अशी.

तिसरा मार्ग होता कमवा आणि शिका. वसतिगृहाची मुले शेतात राबत, भाजी पिकवत, बांधकामाला दगडमाती वाहत. १९४० साली साताऱ्यात महाराजा सयाजीराव हायस्कूल सुरू झाले, तिथे श्रम करून शिकण्याची पद्धत पक्की झाली. ज्या सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर बाबासाहेब १९१३ साली अमेरिकेला गेले, त्यांचेच नाव या शाळेला आहे. श्रमाची लाज ही मनुवादी व्यवस्थेने पेरलेली लाज आहे आणि मराठ्याच्या पोराने महाराच्या पोरासोबत पाटी उचलली की ती मोडते, हे या पद्धतीचे खरे मोल.

मात्र इथे कार्यकर्त्यांनी एक सावधगिरी बाळगावी. कमवा आणि शिका हे सूत्र रस्त्यावरच्या मुलांना जसेच्या तसे लावता येणार नाही. ते मूल आधीच कमावते आहे. सकाळपासून रात्रीपर्यंत तेच करते आहे. त्याच्या कमाईवर घर चालते, कधी घराबाहेरचा गुंडही चालतो. भाऊरावांच्या मुलांचे श्रम त्यांच्याच वसतिगृहासाठी होते, त्यांचे पीक त्यांच्याच ताटात येत होते. फुगे विकणाऱ्या सात वर्षांच्या पोरीला स्वावलंबनाचे धडे देणे ही क्रूर थट्टा आहे. १९८६ च्या बालकामगार कायद्यात २०१६ साली झालेल्या दुरुस्तीने चौदा वर्षांखालील मुलांना कामावर ठेवण्यास मनाई केली, पण त्यातही घरच्या धंद्याची पळवाट ठेवली. या पोरांना कमाईतून सोडवून शिकवायचे आहे. म्हणून भाऊरावांकडून त्यांच्यासाठी घ्यायची ती मूठ. कमाईचा भाग मोठ्यांनी उचलायचा.

भाऊरावांनी बाहेरचा पैसा नाकारला, असा समज कुणी करून घेऊ नये. संस्थानिकांकडून, व्यापाऱ्यांकडून, सरकारकडून त्यांनी मदत घेतली. ज्यांच्याशी आपले मतभेद आहेत त्यांच्याशीही त्यांनी संबंध ठेवले. १९२७ साली साताऱ्याच्या वसतिगृहाला छत्रपती शाहू बोर्डिंग हाउस हे नाव देण्याचा समारंभ गांधीजींच्या हस्ते झाला. १९३२ साली पुणे करार झाल्यावर त्याची आठवण म्हणून पुण्यात युनियन बोर्डिंग हाउस काढले. पुणे कराराने आपल्या समाजाच्या पदरात काय पडले आणि काय हिरावले गेले, याबद्दल आंबेडकरी चळवळीचे मत स्पष्ट आहे आणि ते बदलण्याचे कारण नाही. पण त्या वसतिगृहात अस्पृश्य मुलगा स्पृश्यांच्या पंक्तीत बसून शिकला, हेही तितकेच खरे आहे. भाऊरावांची कसोटी एकच होती. पैसा कुणाचाही असो, पंक्त एकच राहील.

या कसोटीची परीक्षा १९४७ साली झाली. साताऱ्यात छत्रपती शिवाजी कॉलेज सुरू करताना एका धनिकाने मोठी देणगी देऊ केली आणि नाव बदलण्याची अट घातली, असे सांगितले जाते. भाऊरावांनी देणगी परत केली, नाव ठेवले. पैशाची नड असताना पैसा परत करणे कुणाला जमते? ज्याच्या मागे मुठीचे धान्य आहे त्यालाच. ज्याची चूल देणगीदाराच्या चेकवर पेटते त्याला नाव बदलावेच लागते.

तोवर संस्थेचा व्याप वाढला होता. १९३५ साली साताऱ्यात शिक्षक तयार करणारे ट्रेनिंग कॉलेज निघाले. आधी शिक्षक, मग शाळा, हा क्रम लक्षात घ्यावा. तिथून बाहेर पडलेले तरुण जिथे सरकारी शाळा पोहोचली नव्हती अशा वाड्यावस्त्यांवर गेले. संस्थेच्या अशा स्वयंसेवी शाळांची संख्या पाचशेच्या वर गेली. पुढे सरकारने प्राथमिक शिक्षणाचा भार घेतला, तेव्हा त्या शाळा जिल्हा स्कूल बोर्डांकडे गेल्या. भाऊरावांनी त्या सोडल्या याचे कुणाला आश्चर्य वाटेल. पण प्राथमिक शिक्षण हे राज्याचे कर्तव्य आहे आणि स्वयंसेवकाने राज्य येईपर्यंत वाट तुडवून ठेवायची असते, हे त्यातून दिसते.

राज्याशी त्यांचा खटकाही उडाला. काँग्रेस सरकारवर त्यांनी केलेल्या टीकेचा राग धरून १९४८ साली मुंबई सरकारने रयत शिक्षण संस्थेचे अनुदान बंद केले. ज्या संस्थेचा सारा भार अनुदानावर असता तिला त्या दिवशी कुलूप लागले असते. रयतला लागले नाही. शिक्षकांनी, माजी विद्यार्थ्यांनी आणि खेड्यापाड्यांतल्या लोकांनी संस्था उघडी ठेवली. भाऊराव म्हातारपणी पुन्हा दारोदार हिंडले. शेवटी सरकारलाच माघार घ्यावी लागली आणि अनुदान पुन्हा सुरू झाले. अनुदान हा हक्क आहे, तो भांडून घ्यायचा. पण त्या हक्कासाठी भांडता यावे म्हणून स्वतःची चूल वेगळी हवी. या दोन गोष्टी एकमेकींविरुद्ध नाहीत.

१९५४ साली कराडला कॉलेज निघाले, त्याला संत गाडगे महाराजांचे नाव दिले गेले. खापरात भाकरी खाऊन लोकांच्या पैशाने धर्मशाळा आणि वसतिगृहे उभी करणारा तो दुसरा महापुरुष. बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीला त्यांनी पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा दिली, हे आपण जाणतोच. १९५९ च्या आरंभी भाऊरावांना पद्मभूषण मिळाले, पुणे विद्यापीठाने डी. लिट. दिली. ९ मे १९५९ रोजी त्यांचे निधन झाले. मागे इस्टेट उरली नाही. उरली ती रयत.

आता आपल्या बैठकीकडे या. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने सहा ते चौदा वयाच्या प्रत्येक मुलाला मोफत शिक्षणाचा हक्क दिला, तो १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. तेव्हा पहिले काम म्हणजे या मुलांची नावे महापालिकेच्या शाळेत दाखल करून घेणे. जन्माचा दाखला नाही म्हणून मुख्याध्यापक परत पाठवत असेल, तर कायदा दाखवून भांडणे. दाखल्याअभावी प्रवेश नाकारता येत नाही, हे कायद्यातच लिहिले आहे. यासाठी पैसा लागत नाही, चप्पल झिजवावी लागते. दुसरे, कंपन्यांचा पैसा जरूर घ्या. २०१३ च्या कंपनी कायद्याने मोठ्या कंपन्यांना नफ्यातले दोन टक्के सामाजिक कामावर खर्च करायला सांगितले आहे, तो उपकार नाही. पण त्या पैशातून पुस्तके घ्या, खोली बांधा, संगणक आणा. शिक्षकाचे मानधन आणि पोरांचे रोजचे जेवण त्यावर ठेवू नका. तीन वर्षांनी कंपनीचे धोरण बदलते, तेव्हा पोरे पुन्हा सिग्नलवर जातात आणि दुसऱ्यांदा फसवलेले मूल तिसऱ्यांदा येत नाही.

रोजचे जेवण आणि रोजचा शिक्षक वस्तीच्या मुठीतून यावा. शंभर घरांनी दिवसाला एक रुपया काढला तर वर्षाचे छत्तीस हजार पाचशे होतात. आज धान्याच्या मडक्याऐवजी डबा ठेवा, आठवड्याला तो उघडा, हिशेब विहाराच्या फळ्यावर खडूने लिहा. बाबासाहेबांनी १९५६ साली नागपुरात धम्मकार्यासाठी उत्पन्नाचा विसावा भाग द्यायला सांगितले होते. त्या विसाव्या भागाचे काय झाले, हे ज्याने त्याने स्वतःला विचारावे. जयंतीच्या मिरवणुकीत एका रात्रीच्या डीजेला जेवढे भाडे जाते, तेवढ्यात अशा वर्गाचे कित्येक महिने निघतात. जयंती करू नका, असे कुणी म्हणत नाही. जयंतीच्या वर्गणीचा ठरावीक हिस्सा या वर्गासाठी बाजूला काढण्याचा ठराव मंडळाने वर्गणीच्या पावत्या छापण्याआधीच करावा. नंतर काही उरत नाही, हा आपला अनुभव आहे.

आणि बैठकीत शंभराची नोट पुढे करणाऱ्या त्या पाचव्याला हसू नका. त्यालाच खजिनदार करा. जयभीम!